सर्पगंधा, वीस गाठींची दोरी आणि डिप्रेशनची कारणं

डिप्रेशनबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. एक, "डोक्यात केमिकल लोचा झालाय." दोन, "पॉझिटिव्ह विचार कर, बरं वाटेल." पहिलं वाक्य 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'मुळे घराघरांत पोचलं. खरं तर त्या सिनेमातला लोचा डिप्रेशनचा नव्हताच, मुन्नाला गांधीजी दिसत होते त्याचा होता, पण शब्द इतका चपखल की तो मनाच्या कुठल्याही आजाराला चिकटला. दुसरं वाक्य पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच सांगता येणार नाही. मामा म्हणतो, शेजारच्या काकू म्हणतात, सकाळी सहाला सूर्योदयाच्या फोटोवर छापून मोबाइलवर येतं.

ज्याला त्रास होतोय त्याला ही दोन्ही वाक्यं ऐकावी लागतात, कधी कधी एकाच संध्याकाळी. आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे लक्षात घ्या. पहिलं सांगतं की तुझ्या हातात काही नाही, गोळी घे. दुसरं सांगतं की सगळं तुझ्याच हातात आहे. म्हणजे तुला अजून बरं वाटत नसेल तर तूच नीट प्रयत्न करत नाहीयेस, असा त्याचा न बोललेला अर्थ. आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हा आणखी एक आरोप.

माझं पीएचडीचं काम औषधशास्त्रातलं आहे, मेंदूवर परिणाम करणाऱ्या रेणूंवर. पेपर वाचता वाचता या दोन वाक्यांची मुळं कुठे आहेत ते हळूहळू उलगडत गेलं. त्यातलं एक मूळ तर अक्षरशः मूळ आहे, झाडाचं. आणि ते आपल्या मुंबईतून जातं. म्हणून आज प्रयोगशाळेतलं काही न सांगता थोडा इतिहास सांगते.

सर्पगंधा हे झुडूप तुम्ही ऐकून असाल. आयुर्वेदात आणि गावठी औषधांत त्याचं मूळ झोपेसाठी, वेडसरपणासाठी, साप चावल्यावर असं बऱ्याच कारणांनी वापरलं जायचं. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला राउवोल्फिया हे नाव दिलं, सोळाव्या शतकातल्या राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याच्या आठवणीत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीच्या वापराबद्दल लिहिलं. रक्तदाब उतरतो आणि उन्मत्त रुग्ण शांत होतो, अशी दोन्ही निरीक्षणं त्यात होती. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून शुद्ध अल्कलॉइड वेगळे काढायला सुरुवात केली होती. पण भारताबाहेर या सगळ्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

ती घेतली गेली मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञामुळे. डॉ. रुस्तम जाल वकील, केईएम हॉस्पिटल. 1949 साली त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा सर्पगंधेचा अभ्यास छापला. त्या काळात रक्तदाबावर धड औषधच नव्हतं, त्यामुळे जगभरातल्या डॉक्टरांचे कान टवकारले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळीतला मुख्य क्रियाशील पदार्थ वेगळा काढला आणि त्याला रेझर्पीन नाव दिलं. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. 1957 चं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं त्यांत क्लाइन होते आणि आपले वकीलही होते. वैद्यकातल्या इतक्या मोठ्या पारितोषिकाचा मानकरी केईएमचा, ही गोष्ट परळच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असेल?

आता गोष्ट वळण घेते. रक्तदाबासाठी रेझर्पीन मोठ्या डोसमध्ये महिनोन्‌महिने घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीने घेरलं, असं 1954 मध्ये अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी नोंदवलं. मग तशी आणखी टिपणं येऊ लागली. दुसरीकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत एक नवं मोजमापाचं यंत्र आलं होतं. त्या गटाने 1955 मध्ये दाखवलं की रेझर्पीन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. नंतर कळलं की नॉरअ‍ॅड्रेनलीन आणि डोपामीनचंही तेच होतं. आज आपल्याला यामागची यंत्रणाही माहीत आहे. चेतापेशींमध्ये ही रसायनं छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, रेझर्पीन त्या भरण्याचा पंपच बंद करतं, आणि बाहेर उरलेलं रसायन पेशीतलं एक एन्झाइम मोडून टाकतं.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर उलटी घटना घडत होती. सी व्ह्यू नावाच्या क्षयरोग रुग्णालयात 1952 मध्ये इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध वापरून पाहत होते. (हे बनवायला लागणारं हायड्रेझिन युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळत होतं, कारण ते जर्मनांचं रॉकेटचं इंधन होतं. औषधांच्या इतिहासात असले योगायोग पावलोपावली भेटतात.) खंगलेले रुग्ण जेवायला लागले, हसायला लागले, वॉर्डात नाचताना त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. क्षयाच्या औषधाने मन कसं उभारी धरतं? त्याच वर्षी कळलं की इप्रोनियाझिड वर सांगितलेलं ते मोडणारं एन्झाइमच अडवतं, म्हणजे ही रसायनं साठतात. 1957 मध्ये पुन्हा क्लाइनच पुढे आले आणि त्यांनी हे औषध उदास रुग्णांना दिलं.

तुमच्याही डोक्यात आता दोन आणि दोन चार झाले असतील. एक औषध रसायन रिकामं करतं, माणूस खचतो. दुसरं औषध रसायन वाढवतं, माणूस फुलतो. म्हणजे डिप्रेशन हीच त्या रसायनाची कमतरता! 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनलीनबद्दल हे नीट मांडलं, 1967 मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने. शिल्डक्राउटचा तो लेख मी पूर्ण वाचला तेव्हा मला त्याच्याबद्दल आदर वाटला. ही कल्पना म्हणजे फार गुंतागुंतीच्या गोष्टीचं अतिसुलभ रूप आहे, असं त्याने स्वतःच तिथे कबूल केलंय. पण लेखातले 'कदाचित' आणि 'बहुधा' नेहमी लेखातच राहतात, बाहेर पडतं ते फक्त वाक्य. 1987 च्या शेवटी अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाली आणि नव्वदच्या दशकात जाहिरातींनी ते वाक्य जगभर नेलं. आपल्यापर्यंत येताना त्याचा 'लोचा' झाला.

पण पायाच तपासू या. रेझर्पीनने खरंच डिप्रेशन होत होतं का?

1955 मध्येच, म्हणजे शिल्डक्राउटच्या दहा वर्षं आधी, लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि मायकल शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांवर रेझर्पीनची चाचणी घेतली. कुणाला औषध, कुणाला खोटी गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. त्या काळात मानसोपचारात अशी चाचणी दुर्मीळच. निकाल काय? रेझर्पीन घेतलेल्यांना बरं वाटलं! लॅन्सेटसारख्या नामांकित नियतकालिकात छापलेला हा निकाल पुढे जवळजवळ सगळे विसरले, कारण तो गोष्टीत बसत नव्हता. 1971 च्या सुमारास जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या तेव्हा दिसलं की खऱ्या डिप्रेशनसारखी अवस्था रेझर्पीन घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांच्या आसपास लोकांत आली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधीही असा त्रास होऊन गेला होता. बाकीच्यांमध्ये सुस्ती, गुंगी, हालचाली मंदावणं होतं. 2003 मध्ये तर बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एका आढाव्यात रेझर्पीनच्या डिप्रेशनला सरळ मिथक म्हटलं.

आणि ते ससे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये रेझर्पीन देऊन ससे असे करून ठेवले की ते कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात कान ताठ, ससे इकडेतिकडे. हा प्रयोग मेंदूविज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे आणि कार्लसनना 2000 चं नोबेल मिळालं. पण त्यातून पुढे उपचार निघाला तो पार्किन्सनचा. पडून राहिलेला ससा दुःखी होता असं आपण समजलो, तो बऱ्याच अंशी हलू शकत नव्हता. सांगायचं म्हणजे, आजही प्रयोगशाळांमध्ये उंदराला रेझर्पीन देऊन 'डिप्रेशनचं मॉडेल' तयार करतात. मला त्याचं आजही जरा अवघडल्यासारखं होतं.

इतर शंकाही होत्या. डिप्रेशनवरची औषधं ही रसायनं काही तासांतच वाढवतात, पण रुग्णाला फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतात. मधले दिवस मेंदू काय करत असतो? आहारातून ट्रिप्टोफॅन काढून सेरोटोनिन मुद्दाम कमी केलं तरी निरोगी माणसं सहसा डिप्रेशनमध्ये जात नाहीत. 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिनवरच्या सगळ्या आढाव्यांचा एकत्र आढावा घेतला आणि कमतरतेला सातत्यपूर्ण पुरावा नाही असं म्हटलं. त्यावर बरीच वादावादी झाली, अजून चालू आहे.

इथे मी एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण हा भाग वाचून कुणीतरी गोळ्या कचऱ्यात टाकेल अशी मला भीती वाटते. औषध कसं काम करतं याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणजे औषध काम करत नाही असं होत नाही. अ‍ॅस्पिरिनने डोकं थांबतं म्हणून डोकेदुखी ही शरीरातल्या अ‍ॅस्पिरिनची कमतरता ठरत नाही. त्याच न्यायाने, कमतरता सिद्ध झाली नाही म्हणून अ‍ॅस्पिरिन निरुपयोगीही ठरत नाही. 2018 मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 522 चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली. तपासलेली 21 च्या 21 औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने मध्यम होता, जादू नव्हती, पण होता. आणि चालू असलेली गोळी एकदम बंद केली तर त्रास होतो, तेव्हा ते डॉक्टरांशी बोलूनच करायचं. कुणाशी बोलायचं हे कळत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची फुकट सेवा मराठीतही बोलते.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ.

'पॉझिटिव्ह सेल्फ-टॉक'चा आधुनिक बाप शोधायचा तर तो एक फ्रेंच औषधविक्या निघतो. एमिल कुए, जन्म 1857. त्रोआ गावात त्याचं औषधांचं दुकान होतं. त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाला बाटली देताना "हे फार गुणकारी आहे हं" असं म्हटलं की औषध जास्त लागू पडतं. पुढे तो नॅन्सी शहरात लोकांना फुकट स्वयंसूचना शिकवू लागला. दररोज, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक चांगला होत चाललो आहे, अशा अर्थाचं एकच वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचं. मोजायला वीस गाठी मारलेली दोरी घ्यायची. जपमाळ बघत मोठे झालेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही! 1920 नंतर कुएची इंग्लंड-अमेरिकेत अशी लाट आली की त्याच्या व्याख्यानांना गर्दी लोटायची.

कुएची टिंगल करणं सोपं आहे, पण त्याने एक गोष्ट फार बारकाईने पाहिली होती. इच्छाशक्ती आणि कल्पना यांचं भांडण झालं तर नेहमी कल्पना जिंकते, असं तो म्हणायचा. दात-ओठ खाऊन 'मला झोप लागलीच पाहिजे' म्हणणाऱ्याला झोप लागत नाही. म्हणून जोर लावू नका, नुसतं पुटपुटा, असा त्याचा सल्ला होता. आज "स्ट्रॉंग हो", "मनाला बजाव" असं सांगणारे लोक कुएच्या नेमकं उलट सांगत असतात.

मग वाक्य पुटपुटून बरं वाटतं का? हा प्रश्न प्रयोगाने तपासायला 2009 उजाडलं. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला बसवलं. त्यातल्या काहींना सांगितलं की घंटी वाजली की मनाशी म्हणायचं, मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना, वाक्य न म्हणणाऱ्या त्यांच्यासारख्यांपेक्षा, जास्त वाईट वाटलं. कारण असं असावं की प्रत्येक घंटीला आतून उत्तर येत होतं, "छे, कुठे काय!" 2020 मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा तोटा तितका दिसला नाही, त्यामुळे यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याला या वाक्यांचा फायदा होतो, असं दाखवणारं काही या दोन्ही प्रयोगांतून निघालेलं नाही.

मनाशी बोलण्याची दुसरीही एक परंपरा आहे आणि ती आपल्या जास्त ओळखीची आहे. समर्थांचे मनाचे श्लोक घ्या. 205 श्लोक, आणि जवळजवळ सगळे मनाला उद्देशून. पण त्यात मनाची पाठ कुठे थोपटलेली नाही. हे सोड, ते धर, याचा विचार करून बघ, असा सगळा सूर आहे. तू छान आहेस असं मनाला सांगणं आणि मनाशी वाद घालणं, ही वेगळी कामं आहेत.

वाद घालणारी शाखा विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये उगवली. अल्बर्ट एलिस मूळचे मनोविश्लेषण करणारे. वर्षानुवर्षं कोचावर झोपून बालपण उगाळण्याला कंटाळून त्यांनी 1955 पासून वेगळी पद्धत सुरू केली. घटना आपल्याला खचवत नाही, घटनेबद्दलचं आपलं मत खचवतं, हा विचार त्यांनी एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञाकडून घेतला. एलिसचा सगळा रोख 'च' वर होता. मला नोकरी मिळालीच पाहिजे, सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे. मराठीत ते एका अक्षरात पकडता येतं, इंग्रजीत पूर्ण शब्द लागतो. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठीत रुजवली. विवेकनिष्ठ हा शब्द तुम्ही कुठे वाचला असेल, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या व्याख्यानात ऐकला असेल, तर तो या वाटेने आलाय.

आणि मग अ‍ॅरन बेक. हे प्रकरण मला विशेष आवडतं, कारण इथे एक माणूस स्वतःचा सिद्धांत सिद्ध करायला गेला आणि पुराव्यापुढे नमला. फिलाडेल्फियात बेक फ्रॉइडची बाजू प्रयोगाने पक्की करू पाहत होते. फ्रॉइडने 1917 च्या निबंधात मांडलं होतं की विषादात माणसाचा दुसऱ्यावरचा राग स्वतःवर उलटतो. तसं असेल तर रुग्णांच्या स्वप्नांत राग, वैर दिसायला हवं. बेकनी स्वप्नं तपासली. त्यांत राग नव्हता, हरणं होतं. बस चुकली, सगळे सोडून गेले, आपण नापास झालो. म्हणजे जागेपणी रुग्ण जे स्वतःबद्दल म्हणतो तेच. 1963 च्या लेखात त्यांनी 50 रुग्णांच्या विचारांतली वळणं मांडली. एका चुकीवरून 'मी कायमच असा', समोरचा जांभई देतो म्हणजे 'मी कंटाळवाणा', असली. हे विचार इतक्या झटकन येतात की आले हेही कळत नाही, नुसता उतरलेला मूड कळतो.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. बेकनी रुग्णाला कधीच पॉझिटिव्ह विचार कर म्हटलं नाही. त्यांची पद्धत आम्ही प्रयोगशाळेत करतो त्याच्या जवळची आहे. 'माझ्याशी कुणालाच बोलायचं नसतं' हा विचार सत्यही नाही, खोटाही नाही, ते एक गृहीतक आहे. चल, या आठवड्यात तीन जणांना फोन करू आणि काय होतं ते लिहून ठेवू. कधी कधी विचार खराही निघतो, तीनपैकी दोघं खरंच फोन उचलत नाहीत. मग त्यावर काय करायचं ते बघायचं. 1977 मध्ये याच पद्धतीची इमिप्रामीन या औषधाशी थेट तुलना झाली आणि बोलण्याचा उपचार गोळीपुढे टिकला, हे तेव्हा अनेकांना पचलं नव्हतं.

बेकच्या पद्धतीचे 1996 मध्ये नील जेकबसन यांनी सुटे भाग करून पाहिले. 150 रुग्ण, तीन गट. एका गटाशी विचारांबद्दल काहीच बोलायचं नाही. फक्त बंद पडलेली कामं पुन्हा सुरू करायला मदत करायची, फिरायला जाणं, मैत्रिणीला भेटणं, रखडलेलं काम हातात घेणं. हा गटही पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच सुधारला. विचार बदलल्यावर वागणं बदलतं, की वागणं बदलल्यावर विचार? मला अजून खात्रीने सांगता येत नाही. पण अंथरुणात पडलेल्या माणसाला 'विचार बदल'पेक्षा 'चल, कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ' जास्त उपयोगी असावं, असं माझं मत होत चाललंय.

आत्तापर्यंत आपण कवटीच्या आतच फिरतोय, रसायनं नाहीतर विचार. दोन्ही वाक्यांत हा दोष समान आहे. 1978 मध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांचं पुस्तक आलं ते या भिंतीबाहेरचं होतं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या 458 स्त्रियांना ते आणि त्यांचे सहकारी घरी जाऊन भेटले आणि तासन्‌तास बोलले. डिप्रेशन आलेल्या बहुतेकींच्या आयुष्यात त्याआधीच्या महिन्यांत काहीतरी मोठं घडलं होतं किंवा मोठी अडचण चालू होती. नवऱ्याची नोकरी गेली, घर सोडायची वेळ आली, जवळचं माणूस गेलं. तसाच घाव बसूनही काही जणी तगल्या. धोका जास्त कुणाला होता? जिला मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, घरात चौदाच्या आतली तीन किंवा जास्त मुलं, बाहेर काम नाही, आणि अकरा वर्षांची व्हायच्या आत जिची आई गेली. यातली कुठली गोष्ट आरशासमोर वीस वेळा वाक्य म्हणून बदलेल?

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे बाळंतिणींचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये डिप्रेशन होतं. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, हे धोके होतेच. शिवाय मुलगी झाली, हाही. मुलगा हवा असताना मुलगी झाली की आईचा धोका वाढतो, हे वाचून मी लॅपटॉप बंद करून गच्चीत जाऊन उभी राहिले होते. इथे लोचा नक्की कुणाच्या डोक्यात आहे?

याच गोव्यात पुढे एक चाचणी झाली. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला एकही नाही अशी आपली स्थिती, म्हणून संगथ या संस्थेने स्थानिक लोकांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेले, गावची भाषा बोलणारे लोक. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या 495 रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीचे, म्हणजे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचे उपचार, आणि उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेटीत जेकबसनच्या त्या सुट्या भागासारखंच काम होतं. दिवसात काय काय करता ते मांडायचं, मनाला बरं वाटणारं कुठलं काम सुटलंय ते शोधायचं, अडचण असेल तर ती सोडवायला काय करता येईल ते एकत्र बसून ठरवायचं. गरज लागेल तर रुग्णाच्या घरी जायचं. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 39 टक्के. वर्षभरानेही फायदा टिकून होता.

त्या भेटींचा वेळ साधारण अर्धा-पाऊण तास असायचा. पुढच्या लेखात अशा एका भेटीत नेमकं काय बोलतात ते सविस्तर लिहीन, कारण त्यातला बराचसा भाग घरच्या माणसालाही करता येण्यासारखा आहे, आणि थोडा भाग मुळीच करू नये असा.